गरीचें चाक आणि गरवणाराचें बोट

मासे धरण्याच्या अनेक रीती कोंकणच्या किनाऱ्यावर पूर्वापार चालत आल्या आहेत. मालवणास चिवल्याच्या किंवा दांडीच्या वाळूवर रापण ओढली जाते, तेव्हां सारी वाडी दोरीला लागते. खाडीच्या उथळ पाण्यांत पाग फेकणारा एकटाच असतो. पण त्याच्या फेकींत सर्वांगाचा झोंक असतो. ह्या दोहोंहून निराळी आणि दिसण्यांत सर्वांत साधी अशी तिसरी रीत म्हणजे गरी. एक दोरी, एक गळ, थोडें शिसें आणि आमिष, एवढ्याच साहित्यावर माणूस समुद्राशीं व्यवहार करूं पाहतो. रापणींत एक मासा निसटला तर दुसरे शंभर असतात. गरीला मासा एकच लागतो, आणि तो हातीं आला कीं गेला हें बहुधा एका बोटावर अवलंबून असतें. त्या बोटाचा, आणि त्याला साह्य करणाऱ्या एका साध्या चाकाचा, विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

श्रोतेहो, हें चाक म्हणजे ज्याला इंग्रजींत सेंटरपिन म्हणतात तें रीळ. नांवाचा अर्थ सरळ आहे. मध्यें एक पोलादी खीळ, तिच्यावर मोकळेपणानें फिरणारें एक चाक, चाकावर गुंडाळलेली दोरी, आणि चाकाच्या तोंडावरच बसविलेल्या दोन लहान मुठी. वेग वाढविणारीं दांतेरी चक्रें त्यांत नाहींत, आणि माशाची ओढ मोजून दोरी सोडणारी कळही त्यांत मुळांत नाहीं. वेळूच्या काठीच्या बुडाशीं हें रीळ बसवितात आणि दोरी काठीवरील कड्यांतून शेंड्यापर्यंत नेतात. चाकाचा एक फेरा झाला म्हणजे चाकावरील थराच्या परिघाएवढी दोरी आंत येते किंवा बाहेर जाते. कमी नाहीं, जास्त नाहीं. थराचा व्यास ४ इंच असेल तर एका फेऱ्याला सुमारें साडेबारा इंच दोरी मिळते. ९० फुटांवर पडलेलें शिसें परत आणावयाचें तर ८६ फेरे फिरवावे लागतात. मूठ धरून इतके फेरे करण्याचा कंटाळा आला, तर सरावलेले लोक चाकाच्या कांठावर बोटांनीं टपल्या मारून तें झपाट्यानें फिरवतात.

ह्या रिळाचें माहेर इंग्लंडांतील ट्रेंट नदीच्या कांठचें नॉटिंगहॅम शहर होय. एकोणिसाव्या शतकांत तें शहर यंत्रावर विणलेल्या लेसकरितां प्रसिद्ध होतें, आणि लेसच्या सुताच्या लाकडी रिळांवरूनच तेथील गरवणाऱ्या कारागिरांना ही कल्पना सुचली, असें परंपरा सांगते. प्रथम हीं रिळें लाकडाचीं होत, पुढें पितळ आलें, मग ॲल्युमिनियम आलें; रेडिच येथील ऑलकॉक यांच्या कारखान्यानें 'एरिअल' नांवाचें अतिशय हलकें रीळ काढून मोठें नांव मिळविलें. परंतु गळ आणि दोरी ही विद्या आपल्याकडे परकी मानण्याचें कारण नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याच्या नांवावर असलेल्या 'मानसोल्लास' ह्या बाराव्या शतकांतील संस्कृत ग्रंथांत 'मत्स्यविनोद' नांवाचें प्रकरण आहे. माशांचे प्रकार, त्यांचें खाद्य आणि गळानें त्यांना धरण्याची रीत ह्यांचें वर्णन राजाच्या करमणुकींत तेथें आलें आहे. आपल्याच किनाऱ्यावर दक्षिणेस मंगळूर येथें १८७३ सालीं हेन्री सलिव्हन टॉमस ह्या मद्रास इलाख्यांतील अधिकाऱ्याचें 'द रॉड इन इंडिया' हें पुस्तक छापलें गेलें. तात्पर्य, काठी आणि दोरी ह्यांचा शास्त्रशुद्ध विचार ह्या भूमीवर फार पूर्वीपासून होत आला आहे.

मालवणचा जुना गरवणारा मात्र काठीवांचूनच आपलें काम भागवीत आला. लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेली दोरी तो उलगडतो, तिचीं वेटोळीं कातळावर किंवा टोपलींत सैल मांडतो, शिसें डोक्याभोंवतीं दोन वेळ गरगर फिरवून सोडून देतो, आणि वेटोळ्यांतून दोरी सरसर सुटत जाते. पूर्वी ही दोरी सुताची असे. नायलॉन १९३५ सालीं अमेरिकेंत प्रथम तयार झालें आणि पुढें त्याची तंगूस आपल्या किनाऱ्यावरही घरोघर आली. साधन बदललें, पण पद्धत तीच राहिली. शिसें तळाला लागलें कीं दोरी तर्जनीवर घ्यावयाची आणि डोळे मिटले तरी चालेल इतकें लक्ष त्या बोटांत आणावयाचें. पाण्याची ओढ कोणती, खेकड्याचें कुरतडणें कोणतें आणि माशाचा घांस कोणता, हें तें बोट ओळखतें. सेंटरपिनच्या सर्व गुणदोषांची किल्ली ह्या बोटांत आहे. कारण तें रीळ म्हणजे हातदोरीला दिलेलें एक चाक आहे. माणसाचें बोट आणि मासा ह्यांच्यामध्यें त्यानें दुसरें कांहीं आणलें नाहीं.

आतां हें चाक फेकीच्या वेळीं कसें वागतें तें पाहूं. हातदोरींत सुटणारीं वेटोळीं निर्जीव असतात. शिसें थांबलें कीं तींही थांबतात. चाकाची गोष्ट निराळी. त्याला एकदां गति आली म्हणजे तें आपल्या वेगानें फिरत राहूं पाहतें. कोंकणांतील विहिरीवरचा रहाट ज्यांनीं पाहिला आहे त्यांना हें सांगावयास नको. भांडें मोकळें सोडलें तर रहाट गरगर फिरतो. भांडें पाण्याला टेकतें, त्याचा भार नाहींसा होतो, तरी रहाट आणखी दोन फेरे फिरतो आणि दोर सैल होऊन लोंबूं लागतो. पतंगाच्या फिरकीचाही हाच अनुभव. मांजा सुटत असतां फिरकीवर तळहाताचा दाब राहिला नाहीं, तर मांजा फुगतो आणि त्याचा गुंता होतो. शिसें हवेंतून जातांना क्षणोक्षणीं मंदावतें, आणि चाक मात्र पहिल्या वेगानेंच दोरी देत राहतें. ही जास्तीची दोरी चाकावर फुगून येते, एका वेढ्यावर दुसरा वेढा चढतो, आणि शेवटीं एका हिसक्यानें सारें अडतें. अशा वेळीं शिसें तुटून एकटेंच समुद्रांत जातें, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल.

हा वेग लहान नसतो. शिसें सेकंदाला ३० फूट वेगानें निघालें आणि दोरीच्या थराचा व्यास ४ इंच असला, तर चाकाला एका सेकंदांत सुमारें २९ फेरे करावे लागतात. तोच थर २ इंचांवर आला असेल तर ५७ फेरे. म्हणून पहिला नियम असा कीं, चाक दोरीनें जवळजवळ कांठापर्यंत भरलेलें असावें. अगदीं कांठोकांठ नको, कारण मग वेढे घसरून खीळेंत शिरतात. दुसरा नियम असा कीं, चाक हलकें असावें. हलकें चाक लवकर निघतें आणि लवकर थांबतें. जड चाकाला चालना देण्यांत शिशाचा अर्धा जोर खर्च होतो, आणि तेंच चाक पुढें थांबतां थांबत नाहीं.

फेकीच्या रीती मुख्यतः तीन सांगतां येतील. पहिली नवशिक्याची. काठीच्या कड्यांच्या मधली दोरी डाव्या हाताच्या बोटांनीं ओढून तिचे दोन-तीन फांस धरावयाचे, गळ व शिसें झोक्यासारखें पुढें झुलवावयाचें, आणि झोंका पुढें जात असतां एकेक फांस सोडावयाचा. तीन फांस प्रत्येकीं दोन फूट ओढले तर १२ फूट दोरी मोकळी होते. ह्या रीतींत चाक फिरतच नाहीं, म्हणून गुंत्याचें भय नाहीं. मात्र गळ फार लांब जात नाहीं. कोळंब खाडीच्या कांठीं, जेथें मासा पायांखालच्या पाण्यांतच चरत असतो, तेथें ही फेक पुरेशी आहे.

दुसरी रीत चाकावरून सरळ फेकण्याची. शिसें जड असेल तर तें स्वतःच चाकाला ओढून फिरवितें. काठी बाजूनें आणावयाची, अंगठा चाकाच्या कांठावर ठेवावयाचा, झोंक पुरा होतांच अंगठा उचलावयाचा, आणि शिसें उतरूं लागलें कीं तो पुन्हां हलकेच टेकवावयाचा. शिसें पाण्याला लागतांच चाक पूर्णपणें थांबलें पाहिजे. ही रीत समजण्यास सोपी आहे; साधण्यास मात्र ज्याचा हात उतावीळ असेल त्याला कठीण आहे.

तिसरी रीत गुणीजनांची. नॉटिंगहॅमचा प्रसिद्ध गरवणारा एफ. डब्ल्यू. के. वॉलिस ह्याच्या नांवानें ती ओळखली जाते. ह्याच वॉलिसनें १९३७ सालीं हॅम्पशायर ॲव्हन नदींत १४ पौंड ६ औंस वजनाचा बार्बल जातीचा मासा धरला होता. त्याच्या फेकीचें मर्म असें कीं, हलकें शिसें चाकाला चालना देऊं शकत नाहीं, म्हणून ती चालना डाव्या हातानें द्यावयाची. उजवा हात काठी बाजूनें पुढें नेतो. त्याच वेळीं डावा हात रीळ आणि पहिली कडी ह्यांमधील दोरी धरून ती सावकाश, परंतु न थांबतां बाहेर ओढतो. त्या ओढीनें चाक फिरूं लागतें. शिसें पुढें झेंपावतें तेव्हां त्याला आधींच फिरत असलेलें चाक मिळतें. मग डावा हात दोरीबरोबर पहिल्या कडीकडे जात तिला वाट देतो, आणि शेवटीं अंगठा चाकाला आवरतो. दोन हात, एक अंगठा आणि एक शिसें ह्यांचा मेळ जमला तर काठी जोरानें हाणावी लागत नाहीं. जोर लावला कीं मेळ बिघडतो. शिकणारानें प्रथम गळ न बांधतां, नुसतें शिसें लावून, मऊ वाळूवर किंवा मोकळ्या मैदानांत हा सराव करावा. १० यार्ड साधल्याशिवाय १५ यार्डांच्या मागें लागूं नये.

मालवणास फेकीचा विचार वाऱ्याला सोडून करतां येत नाहीं. पावसाळा संपला म्हणजे पहांटेस मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. समुद्राकडे तोंड करून उभा राहिलेल्या गरवणाऱ्याच्या तो पाठीशीं असतो, आणि शिसें सहज पुढें जातें. दुपारनंतर खारा वारा समोरून येऊं लागतो. तो शिशाला अडवितो, पण चाकाला अडवीत नाहीं. त्यामुळें सकाळीं ज्या हातानें बिनचूक फेक साधली त्याच हाताचा दुपारीं गुंता होतो. अशा वेळीं शिसें थोडें जड करावें, फेक बुटकी ठेवावी, आणि अंगठा लवकर टेकवावा.

मासा लागल्यानंतर ह्या रिळाची खरी परीक्षा होते. दुसऱ्या प्रकारच्या रिळांत माशाच्या ओढीला वाट देणारी कळ बसविलेली असते. येथें ती कळ म्हणजे कांठावरचा अंगठा. मासा जोर करील तेव्हां अंगठा सैल, मासा थकेल तेव्हां अंगठा घट्ट, इतकें पुष्कळांना ठाऊक असतें. परंतु एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. मासा दूर गेला म्हणजे चाकावरील दोरीचा थर उतरतो आणि त्याची त्रिज्या कमी होते. कांठावर अंगठ्याचा दाब पूर्वीइतकाच राहिला, तरी थराची त्रिज्या निम्मी झाली कीं दोरीवर पडणारा ताण दुप्पट होतो. लहान त्रिज्येवरून चाक फिरविण्यास अधिक बळ लागतें, हा तराजूच्या दांडीचाच नियम आहे. शिवाय पाण्यांत पडलेल्या लांब दोरीला प्रवाहाची ओढ असते, ती वेगळीच. म्हणून मासा जवळ असतां जितका दाब योग्य, तितकाच दाब तो दूर गेल्यावर घातक ठरतो. भला मोठा मासा पहिल्या हिसक्याला न तुटतां शेवटच्या धांवेंत तोडून जातो, त्याचें कारण पुष्कळदां हेंच असतें. मासा लांब गेला कीं अंगठा हलका करावा, हें सूत्र प्रत्येकानें मनांत कोरून ठेवावें.

ह्या सूत्रालाही अपवाद आहे, आणि तो मालवणच्या कातळांवर रोज भेटतो. गोबरा हा मासा गळ लागतांच खडकांतील आपल्या कपारींत शिरूं पाहतो. एकदां तो आंत शिरला म्हणजे दोरी खडकाला घांसून तुटते. त्याला पहिल्या चार-सहा फुटांतच आवरावें लागतें. तेथें ढील देणें म्हणजे मासा दान करणें होय. उलट मोकळ्या पाण्यांत धांवणारी इसवण आवरूं जाल तर दोरी जाईल. कोणत्या माशाला किती ढील द्यावी, हें यंत्र सांगूं शकत नाहीं. तें त्या पाण्याच्या माहितगारानेंच जाणावें.

चांगलें रीळ कसें ओळखावें, ह्याविषयीं एक भ्रम आहे. रिकामें चाक टिचकी मारून फिरवावयाचें आणि तें किती वेळ फिरत राहतें ह्यावरून त्याची किंमत ठरवावयाची, अशी रीत आहे. चाक पुष्कळ वेळ फिरलें म्हणजे खीळ गुळगुळीत आहे आणि चाक समतोल आहे एवढें कळतें, आणि तें जाणणें वाईट नाहीं. परंतु जड चाक एकदां फिरलें कीं जडपणामुळेंच पुष्कळ वेळ फिरतें. गरवणाऱ्याला उपयोगी पडणारा गुण दुसराच आहे: अत्यल्प ओढीनें चाक निघालें पाहिजे. दोरीला अगदीं हलकें शिसें टांगून पाहावें. ज्या चाकाला तेवढ्यानें हळूहळू गति येते तें खरें. मग चाक डगमगतें कीं काय, त्याचा कांठ मागच्या पत्र्याला घांसतो कीं काय, हें पाहावें. खीळेवर पातळ तेलाचा एक थेंब पुरतो. जाड ग्रीस भरलें तर उत्तम चाकही आळशी होतें. आणि समुद्रकांठीं वापरलेलें रीळ त्याच दिवशीं गोड्या पाण्यानें धुवून, पुसून, वाळवून ठेवावें. खारें पाणी आणि बारीक वाळू ह्यांच्यापुढें कोणत्याही कारखान्याची कीर्ति टिकत नाहीं.

आतां प्रश्न असा कीं, हें रीळ मालवणास कोठें शोभेल? उत्तर निःपक्षपातानें दिलें पाहिजे. उघड्या समुद्रावर, लाटांच्या पलीकडे गळ टाकावयाचा असेल, तर दुसरीं रिळें त्याहून सरस आहेत. स्कॉटलंडांतील पर्थ येथील पीटर मॅलॉक ह्यानें १८८४ सालीं फेकीपुरतें चाक आडवें वळवून दोरी कांठावरून सोडण्याची युक्ति काढली. त्याच तत्त्वाचें रीळ ऑस्ट्रेलियांत चार्ल्स आल्व्ही ह्यानें १९२० सालापासून बनविलें. ह्या रीतींत दोरीला पीळ बसतो, म्हणून गळाआधीं फिरती कडी लावावी लागते. पण फेक लांब जाते. १९०५ सालीं आल्फ्रेड इलिंगवर्थ ह्या ब्रॅडफर्डच्या कापड-व्यावसायिकानें स्थिर रिळाचें पेटंट घेतलें. त्यांत फेकीच्या वेळीं चाक फिरतच नाहीं, म्हणून नवशिका माणूसही पहिल्याच दिवशीं लांब फेकतो. आज बाजारांत जीं रिळें सर्वत्र दिसतात तीं बहुतेक ह्याच कुळांतलीं.

सेंटरपिनचें राज्य वाहत्या पाण्यांत आहे. देवबागेस कर्ली नदी समुद्राला मिळते; सर्जेकोटाशीं कोळंब खाडीचें मुख आहे. ओहोटी लागली कीं खाडीचें पाणी संथपणें बाहेर निघतें. अशा वेळीं गळावर लहानसें भेंड बांधून, कोळंबीचें आमिष लावून, तें पाण्यावर सोडून द्यावें. प्रवाह भेंडाला नेतो, भेंड दोरीला नेतें, आणि दोरी चाकाला फिरविते. आमिष मोकळ्या कोळंबीसारखें पाण्याच्या वेगानें जात राहतें. अंगठ्यानें चाकाला किंचित् रोखलें कीं भेंड थबकतें आणि आमिष तळापासून वर उचललें जातें. पुष्कळदां नेमका त्याच क्षणीं काळुंदर किंवा तांबोशी घांस घेते. स्थिर रिळानें हें काम इतक्या सफाईनें होत नाहीं, कारण त्यांतून दोरी वेटोळ्यांनीं, थांबत थांबत सुटते. येथें सुटणारा प्रत्येक इंच बोटाला कळतो.

श्रोतेहो, बोटाच्या ह्या सावधपणाचें मोल केवळ खेळापुरतें नाहीं. बेफिकीरपणें तोडलेली तंगूस पाण्यांत कुजत नाहीं. ती खडकांना आणि प्रवाळांना गुरफटून वर्षानुवर्षें राहते, आणि तींत मासे, खेकडे, कासवें अडकतात. गळ घेऊन सुटलेला मासा कधीं कधीं मरतोही. तो कोणाच्या पानांतही पडत नाहीं आणि समुद्रांतही वाढत नाहीं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोंवतींच्या खडकांवर प्रवाळ आहे, आणि त्याच पाण्याचा २९.१२ चौरस किलोमीटर भाग १९८७ सालीं मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्याच्या सीमा कोणत्या, हें विचारल्याशिवाय पाहुण्या गरवणाऱ्यानें दोरी सोडूं नये. त्याचप्रमाणें पावसाळ्यांत शेवाळलेल्या कातळावर उभें राहून लाटेकडे पाठ करण्याचें धाडस कोणीं करूं नये. चाक पुन्हां मिळतें, मासाही पुन्हां मिळतो.

नवीं यंत्रें येत राहतील, आणि त्यांचा तिरस्कार करण्याचें कारण नाहीं. ज्याला वेळ थोडा आहे त्यानें सोपें साधन घ्यावें. परंतु जें काम यंत्र करतें तें शिकण्याची गरज हाताला उरत नाहीं, आणि न शिकलेला हात यंत्र बिघडलें कीं पांगळा होतो. मालवणच्या वाडीवाडींत अजून असे वृद्ध आहेत, ज्यांची तर्जनी दोरीच्या घांसण्यानें खरखरीत झाली आहे आणि तरी माशाचा हलका स्पर्शही ओळखते. घरांतील मुलाच्या हातीं काठी व रीळ देण्यापूर्वी त्याला एक दिवस अशा वृद्धाशेजारीं, साधी हातदोरी देऊन, बसवावें. तेवढें झालें तर पुढें त्याच्या हातीं कोणतेंही रीळ आलें, तरी मासा त्याच्या हातूनच धरला जाईल.